थायलंडमधील सण, शेजार आणि बदलत्या रीती: इकडे राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चियांग माई शहराच्या पूर्वेला, भातशेतीने वेढलेल्या एका गावात आमचे कुटुंब गेली अकरा वर्षे राहत आहे. नोकरीनिमित्त, लग्नामुळे किंवा निवृत्तीनंतर इकडे आलेल्या मराठी मंडळींनी या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ही उत्तरे मुख्यत्वे उत्तर थायलंडच्या अनुभवावर आधारलेली आहेत. बँकॉक, दक्षिणेतील फुकेट आणि ईशान्येकडील इसान या भागांतील रीत जेथे निराळी आहे, तेथे तसा उल्लेख केला आहे.

सोंगक्रान आणि आपली संक्रांत यांचा काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. 'सोंगक्रान' हा शब्द संस्कृत 'संक्रांति'वरूनच आला आहे. मात्र ही मकरसंक्रांत नसून मेषसंक्रांत आहे. सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशावर आधारलेले हे नववर्ष असल्याने ते तमिळनाडूचे पुथांडू, केरळचे विशू आणि बंगालचा पोयला बैशाख यांच्या आसपास येते. गुढीपाडवा चांद्रमासानुसार ठरत असल्यामुळे त्याची आणि सोंगक्रानची तारीख जुळत नाही. सोंगक्रानच्या सरकारी सुट्ट्या आता 13 ते 15 एप्रिल अशा कायमच्या ठरलेल्या आहेत. परंतु उत्तरेकडील जुन्या लान्ना पंचांगाप्रमाणे गणित मांडणारी मंडळी काही वर्षी एक दिवस पुढचा धरतात आणि मग गावात दोन मते होतात. दाते आणि टिळक पंचांगांचे मतभेद माहीत असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

सरकारी वर्षारंभ मात्र सोंगक्रानला होत नाही. राजा चुलालाँगकॉर्न यांनी 1889 पासून तो 1 एप्रिलला आणला आणि 1941 पासून तो 1 जानेवारीला गेला. त्यामुळे बौद्ध संवत 2483, म्हणजे 1940 हे वर्ष, नऊ महिन्यांतच संपले. ही गोष्ट केवळ गमतीची नाही. बौद्ध संवतातून 543 वजा केले की इसवी सन मिळतो असे आपण शिकतो. पण 1941 पूर्वी जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेल्या माणसासाठी 542 वजा करावे लागतात. एखाद्या थाई सासूबाईंचे वय कागदपत्रांत एका वर्षाने चुकत असेल, तर आधी हे तपासावे.

सोंगक्रान म्हणजे एकमेकांवर पाणी उडवणे एवढेच असते का?

रस्त्यावरून पाहणाऱ्याला तसेच वाटते, कारण बाकीचे सगळे घरात, देवळात आणि सकाळी लवकर होते. उत्तरेत हा सण 'पी माई म्यांग' या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या प्रत्येक दिवसाला स्वतंत्र नाव आहे. पहिला दिवस 'संगखान लोंग'. त्या पहाटे फटाके वाजवून जुन्या वर्षाला हाकलतात, घर झाडतात, अंथरुणे-पांघरुणे धुतात. दुसरा दिवस 'वान नाओ', शब्दशः 'नासका दिवस'. त्या दिवशी शिवी दिली किंवा भांडण केले, तर वर्षभर तोंड नासते अशी समजूत आहे. बायका त्या दिवशी देवळात न्यायचा स्वयंपाक करतात आणि संध्याकाळी नदीची वाळू देवळाच्या आवारात नेऊन तिचे स्तूप रचतात. वर्षभरात आपल्या पायांना चिकटून देवळाची जी माती बाहेर गेली, ती परत करायची, हा त्यामागचा हिशेब. आमच्या गावात आता ही वाळू ट्रकने येते. नदीपासून वाहून आणण्याइतकी तरुण माणसे गावात उरलेली नाहीत. तरीही देवळाच्या फाटकाशी ओतलेल्या ढिगातून प्रत्येक घर आपापले भांडे भरून घेते आणि शेवटची वीस पावले ती वाळू हातानेच वाहून नेते.

तिसरा दिवस 'फाया वान' हा मुख्य. सकाळी देवळात अन्नदान झाले की घरोघरी वडीलधाऱ्यांकडे जायचे असते. या विधीला 'रोत नाम दाम हुआ' म्हणतात आणि उत्तरेच्या बोलीत 'दाम हुआ'चा अर्थ 'न्हाणे', डोक्यावरून न्हाणे, असा आहे. त्या पाण्यात हळद, वाळवलेली सुवासिक फुले आणि 'सोम पोय' नावाच्या झाडाच्या निखाऱ्यावर भाजलेल्या शेंगा घालतात. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी ती वाकडी, तपकिरी, सुरकुतलेली शेंग माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा मी ती वास घेऊन ओळखली. ती शिकेकाई होती. आमच्या घरी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उकळायचे तीच.

चौथ्या दिवशी, 'पाक पी'ला, घरोघरी कच्च्या फणसाची रसभाजी शिजते. फणसाला थाई भाषेत 'खनुन' म्हणतात आणि 'नुन' म्हणजे पाठबळ देणे. वर्षभर कुणीतरी पाठीशी उभे राहावे म्हणून ही भाजी खायची. इतर ठिकाणच्या सोंगक्रानमध्ये हा दिवस नसतो.

मग पाण्याची ही धुळवड कुठून आली? परदेशी पर्यटकांनी सण बिघडवला, हे खरे आहे का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण स्वतः परदेशी असतात, आणि माझ्या मते त्याचे उत्तर 'होय' असे सरळ देता येत नाही. तरुण मुलामुलींनी एकमेकांवर वाडग्याने पाणी टाकणे ही जुनी चेष्टा आहे; एप्रिलच्या उकाड्यात ती न झाली तरच आश्चर्य. बदलले ते प्रमाण आणि साधन. वाडग्याची जागा बादलीने घेतली, बादलीची जागा पिकअप गाडीवर ठेवलेल्या पिंपाने, त्या पिंपात बर्फाच्या लाद्या आल्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या. चियांग माईच्या जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे. पाणी हाताशी आणि रस्ता भोवताली गोल फिरणारा, अशी ती रचनाच या खेळाला सोयीची ठरली. बँकॉकमध्ये सिलोम आणि खाओ सान हे रस्ते याचसाठी ओळखले जातात. त्या गर्दीत परदेशी चेहरे लगेच डोळ्यांत भरतात, पण पिंप भरणारे, बर्फ विकणारे, गाडी चालवणारे आणि सगळ्यांत जास्त भिजणारे थाई तरुणच असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ जण त्याच सकाळी आजीच्या हातावर पाणी घालून आलेले असतात.

सरकारचा हात यात पर्यटकांपेक्षा मोठा आहे. सोंगक्रानचा समावेश डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला आणि लगेच 2024 साली 1 ते 21 एप्रिल असा तीन आठवड्यांचा 'महासोंगक्रान' जाहीर करण्यात आला. यादीत गेला तो वडीलधाऱ्यांना पाणी घालण्याचा, बुद्धमूर्तीला स्नान घालण्याचा, माणसे गावी परतण्याचा सण. जाहिरातीत दिसतो तो पिचकाऱ्यांचा. करोनामुळे 2020 ते 2022 या तीन वर्षांत रस्त्यावरील पाणीखेळावर बंदी होती. त्या वर्षांत आमच्या गावात जे झाले ते मला विसरता येणार नाही: सण अजिबात थांबला नाही, तो फक्त घरात गेला. आजी-आजोबा अंगणात खुर्च्या टाकून बसले, मुखपट्टी लावून एकेक नातवंड येऊन गेले, आणि मागच्या वर्षापेक्षा काही कमी आहे असे कुणी म्हटले नाही.

काही बदल चांगलेही आहेत आणि ते बाहेरून आलेले नाहीत. गर्दीत गालांना पांढरी माती फासण्याच्या निमित्ताने बायकांच्या अंगाला हात लावण्याचे प्रकार होत. 2018 साली अधिकाऱ्यांनी मुलींना 'अंगभर कपडे घाला' असा सल्ला दिला, तेव्हा मॉडेल आणि सूत्रसंचालक सिंडी सिरिन्या बिशप यांनी त्याला जाहीर उत्तर दिले आणि त्यातून मोठी मोहीम उभी राहिली. आता गावच्या फलकांवर माती फासण्यास मनाई असल्याचे लिहिलेले असते. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका ऐतिहासिक मालिकेमुळे तरुणांना जुन्या पद्धतीचे रेशमी वस्त्र नेसण्याची हौस आली. आमच्या देवळात फाया वानच्या सकाळी जे पारंपरिक पोशाख दिसतात, त्यांतले बरेचसे त्यानंतर शिवलेले आहेत.

भिजायचेच नसेल तर काय करावे?

दुपारी घराबाहेर पडू नये, हे एकच खात्रीचे उत्तर आहे. भिक्खू, तान्ही मुले आणि वृद्ध यांच्यावर पाणी टाकू नये हा संकेत अजूनही पाळला जातो, पण मध्यमवयीन मराठी गृहस्थ त्यात मोडत नाहीत. खंदकाचे पाणी स्वच्छ नसते. डोळे आणि कान जपावेत. दुचाकी मात्र या दिवसांत खरोखरच बाजूला ठेवावी. 'सात धोक्याचे दिवस' या नावाने सरकार दर वर्षी रस्त्यांवरील अपघातांची मोजणी करते; त्या आठवड्यात देशभरात दोनशेहून अधिक माणसे दगावतात आणि त्यांत दुचाकीस्वारच सर्वाधिक असतात. दारू आणि वेग ही कारणे पहिल्या क्रमांकावर आहेत.

शेजारच्या आजींनी फाया वानला बोलावले आहे. काय न्यावे आणि काय बोलावे?

अंगाचा साबण, टॉवेल, बिस्किटे, फळे अशा साध्या वस्तूंची एक टोपली न्यावी. दुकानांत तयार बांधलेल्या टोपल्या मिळतात, पण घरच्या झाडाची केळी घातलेली टोपली अधिक आवडते. सोम पोयचे पाणी आजींच्या घरीच असते. गुडघ्यांवर बसावे, टोपली दोन्ही हातांनी पुढे करावी आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकले असल्यास क्षमा मागावी. क्षमा मागण्याचे हे शब्द थाई भाषेत पाठ करून गेलात तर उत्तम. न जमल्यास मराठीत मनातल्या मनात म्हटले तरी चालते, कारण त्यापुढचे काम आजींचे आहे. त्या पाण्यात बोटे बुडवतील, आपल्याच केसांवरून फिरवतील, मग आशीर्वाद म्हणायला लागतील आणि तो बराच लांब असतो. पायांना मुंग्या आल्या तरी उठू नये. आशीर्वादानंतर पाठ दाखवून चटकन निघून जाणे वाईट दिसते. थोडे गुडघ्यांवरच मागे सरकावे.

आपल्याकडच्या सवयीने वाकून पायांना हात लावायला जाऊ नये. आजी दचकतात. आमच्या वडिलांनी पहिल्या भेटीत तसे केले, तेव्हा त्यांनी घाईने पाय वर ओढून घेतले आणि पुढची दहा मिनिटे सगळेच हसत होते.

थाई सुट्ट्यांच्या तारखा आणि 'कालनिर्णय' यांचा मेळ का बसत नाही?

नावे ओळखीची असल्यामुळे हा गोंधळ होतो. 'माखा बुचा' म्हणजे माघ पौर्णिमा, 'विसाखा बुचा' म्हणजे वैशाखी अर्थात बुद्ध पौर्णिमा, 'असान्हा बुचा' म्हणजे आषाढी पौर्णिमा. दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचे 'फान्सा' सुरू होते. हा आपला 'वर्षा' शब्द आहे. महाराष्ट्रातील बौद्ध समाज आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत जो वर्षावास पाळतो, तोच हा.

मेळ बिघडतो अधिक मासामुळे. आपला अधिक महिना कधी चैत्र, कधी श्रावण असा बदलत असतो. थाई पंचांगात मात्र दर खेपेला आठवा महिना, म्हणजे आषाढच, दोनदा येतो आणि त्या वर्षी आधीच्या बुद्ध पौर्णिमेलाही एक महिना पुढे ढकलतात. 2023 साली भारतात बुद्ध पौर्णिमा 5 मे रोजी होती आणि थायलंडमध्ये 3 जूनला. त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकांना शुभेच्छा पाठवताना आणि इथल्या शेजाऱ्यांबरोबर देवळात जाताना दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागतात.

लोय क्राथोंग आणि त्रिपुरी पौर्णिमा हा एकच सण आहे का?

तिथी एकच, देवताही ओळखीची, गोष्ट मात्र निराळी. थाई बाराव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे आपली कार्तिकी पौर्णिमा. त्या रात्री केळीच्या खोडाच्या चकतीवर केळीची पाने दुमडून, त्यात फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून ते 'क्राथोंग' नदीत सोडतात आणि 'फ्रा मे खोंगखा'ची क्षमा मागतात. खोंगखा म्हणजे गंगा. वर्षभर जिचे पाणी वापरले आणि घाण केले, तिची माफी मागायची. त्रिपुरासुराची कथा येथे कुणाला ठाऊक नाही.

माफी मागण्याच्या नावाखाली नदी आणखी घाण करण्याचा पेच मात्र थाई लोकांनाही सतावतो. थर्माकोलचे क्राथोंग आले, त्यांवर टीका झाली. मग पावाचे आले, 'मासे खातील' म्हणून. तळ्यासारख्या साचलेल्या पाण्यात तो पाव कुजतो आणि मासेच मरतात, हे कळायला काही वर्षे गेली. बँकॉकचे महापालिका प्रशासन दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत सगळे क्राथोंग गोळा करून मोजते. 2023 साली ते सहा लाखांहून अधिक भरले आणि त्यांतले बहुतेक सगळे नैसर्गिक वस्तूंचे होते. कालव्याच्या पाण्यावर प्रकाशाने उमटवलेले 'डिजिटल' क्राथोंगही निघाले आहेत. मुलाने कागदावर रंगवलेले चित्र पाण्यावर तरंगताना दिसते. शेजारच्या आजींना ते दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, "यात नाणे कुठे ठेवायचे?" क्राथोंगमध्ये एखादे नाणे ठेवायची पद्धत आहे, आणि नदीच्या वळणावर कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती नाणी काढून घेणारी मुले हाही या सणाचा जुनाच भाग आहे.

आमची सूचना अशी: कुटुंबाला मिळून एक क्राथोंग पुरे. पुण्यात आपण निर्माल्य कलशात टाकायला शिकलोच की.

यी पेंगला हजारो आकाशकंदील एकदम सोडतात, ती प्राचीन परंपरा आहे का?

लोय क्राथोंगच्याच पौर्णिमेला उत्तरेत होणारा यी पेंग हा सण प्राचीन आहे, छायाचित्रातले ते दृश्य नाही. 'यी' म्हणजे दोन. मध्य थायलंडचा बारावा महिना लान्ना गणनेत दुसरा असतो. उत्तरेतील जुनी रीत म्हणजे दारापुढे कागदी कंदील टांगणे आणि 'फांग प्रतीप' लावणे. हा शब्द आपला 'प्रदीप' आहे आणि ती वस्तू म्हणजे मातीची पणती. हवेत कंदील सोडणेही जुने, पण हजारो माणसांनी एका क्षणी कंदील सोडण्याचे मोठे कार्यक्रम अलीकडचे असून त्यांतले बरेचसे तिकीट लावून, मुख्यतः परदेशी पाहुण्यांसाठी होतात. तिकीट काही हजार बाहतांचे असते. त्या दोन रात्री चियांग माईच्या विमानतळावरील अनेक उड्डाणे रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून दिवाळीला आलेल्या पाहुण्यांचे परतीचे तिकीट त्या तारखांना काढू नये. कंदील सोडण्यास ठराविक दिवशी, ठराविक वेळेत आणि ठराविक भागातच परवानगी असते. विझून खाली पडलेली तार आणि कागद दुसऱ्या दिवशी शेतातून वेचणारे शेतकरी या कार्यक्रमांबद्दल काय बोलतात, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

घरी देवळाची पाकिटे येतात. ती काय असतात आणि किती पैसे घालावेत?

ही वर्गणी आहे. फान्सा संपल्यावर, म्हणजे आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या एका महिन्यात, प्रत्येक देवळात 'काथिन' होते. पालीतील 'कठिन', भिक्खूंची चीवरे शिवण्याची चौकट, हा त्याचा मूळ अर्थ. एका देवळात ते वर्षातून एकदाच होऊ शकते, म्हणून त्याचे मोल मोठे. चीवराबरोबर आता नोटांची झाडे जातात: केळीच्या खुंटाला किंवा बांबूच्या फांद्यांना चिमट्यांनी लावलेल्या नोटा. पाकिटावर देवळाचे नाव छापलेले असते. आपण नाव आणि रक्कम लिहून ते सरपंचाकडे परत द्यायचे. आमच्या गावात शंभर बाहत ही मध्यम घराची नेहमीची रक्कम आहे.

परदेशी माणूस म्हणून दहापट रक्कम घालण्याचा मोह आवरावा. देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून प्रत्येकाचे नाव आणि रक्कम वाचून दाखवतात. फार मोठ्या आकड्याने शेजाऱ्याचा शंभराचा आकडा लहान होतो. इसानमधील काही गावांत परदेशी जावयांच्या पैशांतून देवळाची कमान, भिंत, स्वयंपाकघर उभे राहिले आहे आणि त्यावर त्यांची नावेही कोरलेली आहेत. त्यात वाईट काही नाही. पण अशा गावांत पुढच्या वर्षीच्या काथिनची चर्चा त्या जावयाच्या घरापासून सुरू होते, आणि ती नाकारणे त्याच्या बायकोला फार जड जाते. आमच्या नावाबद्दल म्हणाल, तर अकरा वर्षांत ध्वनिक्षेपकावरून त्याचा उच्चार एकदाही बरोबर झालेला नाही.

शाकाहारी माणसाने सणाच्या जेवणात काय खावे?

'मांगसविरत' आणि 'जे' यांतला फरक लक्षात ठेवावा. पहिल्यात मांस नसते, अंडे असू शकते. दुसऱ्यात अंडे, दूध, कांदा आणि लसूणही वर्ज्य असते. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत थाई-चिनी समाज 'किन जे' पाळतो. पिवळ्या पताकांवर लाल अक्षर दिसले की तेथे बिनधास्त बसावे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आणि कांदेनवमीला आधीच भजी खाऊन घेणाऱ्या घरांना हे लगेच समजते. फुकेटमध्ये याच दिवसांत गालांतून सळया आरपार घालून मिरवणारे भक्त दिसतात. लहान मुलांना नेण्यापूर्वी विचार करावा. इतर वेळी भाजीतही मासळीचे पाणी, 'नाम प्ला', असते हे गृहीत धरावे.

मुलीच्या थाई शाळेतून 'वाय ख्रू'साठी गवत आणि वांग्याची फुले आणायला सांगितली आहेत. हे काय आहे?

हा गुरुपूजनाचा दिवस. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर, बहुतेक शाळांत जूनमधील एखाद्या गुरुवारी, मुले फुलांचे तबक घेऊन शिक्षकांपुढे गुडघ्यांवर चालत जातात. गुरुवारच का, हे मराठी पालकांना सांगायला नको. तबकात तीन गोष्टी हव्यातच: लवकर पसरणारे 'या फ्रेक' गवत, म्हणजे विद्येची वाढ, वांग्याचे फूल, जे फळ धरताना खाली झुकते, म्हणजे नम्रता, आणि टोकदार कळ्यांचे 'दोक खेम', म्हणजे सुईसारखी बुद्धी. यांतले 'या फ्रेक' म्हणजे आपल्या दूर्वाच. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी गणपतीसारख्या एकवीस दूर्वांची जुडी बांधून नेली आणि बाईंनी ती तबकाच्या मधोमध ठेवली.

मोठ्या मुलांच्या शाळांत या तबकांना गेल्या काही वर्षांत वेगळे वळण लागले आहे. 2019 च्या निवडणुकीनंतर काही शाळांतील मुलांनी फुलांतूनच राजकीय टोमणे गुंफले आणि त्यावर देशभर चर्चा झाली. शिक्षकांपुढे एवढे वाकावे का, असा प्रश्नही आता थाई विद्यार्थीच विचारतात.

येथे गणपती आणि नवरात्र साजरे करता येते का?

येते, आणि अनेकदा आपल्यापेक्षा थाई लोकच अधिक संख्येने जमतात. 'फ्रा फिकनेत' हा येथे कलांचा देव आहे. ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर तो आहे आणि चित्रीकरण किंवा नृत्याचा कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी त्याची पूजा होते. बँकॉकच्या पूर्वेला चाचोएंगसाओ प्रांतात 39 मीटर उंचीची उभी गणेशमूर्ती आहे, तर त्याच प्रांतातील वात समान रत्तनाराम या देवळात ('वात' म्हणजे देऊळ) आडव्या पहुडलेल्या गुलाबी गणपतीपुढे वारांच्या रंगांचे उंदीर मांडले आहेत. आपल्या जन्मवाराच्या उंदराच्या एका कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर ती इच्छा दुसऱ्या बाजूने निघून जाते.

बँकॉकच्या सिलोम रस्त्यावरील मारिअम्मन मंदिर एकोणिसाव्या शतकात तमिळ स्थलांतरितांनी उभारले. लोक त्याला 'वात खॅक' म्हणतात. 'खॅक' म्हणजे पाहुणा, आणि भारतीयांसाठीही हाच शब्द वापरतात; तो बोचतो की नाही, हे बोलणाऱ्याच्या सुरावर अवलंबून असते. विजयादशमीच्या रात्री तेथून देवीची मिरवणूक निघते, तेव्हा रस्त्याच्या कडेला झेंडूंनी सजवलेली पूजास्थाने मांडून बसलेली बहुसंख्य कुटुंबे थाई आणि चिनी वंशाची असतात. ही मिरवणूक आता 'भारतीयांचा सण' राहिलेली नाही, आणि तेथे जाऊन पूजाविधीतल्या चुका काढणाऱ्या आपल्या लोकांचा मला राग येतो.

घरच्या गणपतीसाठी मूर्ती शाडूची असावी आणि विसर्जन बादलीत करून ते पाणी झाडांना घालावे. नदीत किंवा समुद्रात विसर्जन करायचे असल्यास आधी तेथील प्रशासनाला विचारावे.

देवळाच्या ध्वनिक्षेपकाचा, रात्रभर चालणाऱ्या गाण्यांचा त्रास होतो. तक्रार करावी का?

पहिल्या वर्षी करू नये. कार्यक्रम कोणता, तो किती दिवस आहे, हे शेजाऱ्यांना विचारावे. बहुधा तो अंत्यविधी, भिक्खूदीक्षा किंवा काथिन असतो आणि त्याला शेवट असतो. खरोखर असह्य झाल्यास सरपंचाच्या घरी फळे घेऊन जावे आणि घरातील आजाऱ्याचे किंवा बाळाचे कारण सांगावे. थेट पोलिसांत गेलेल्या एका परदेशी कुटुंबाशी आमच्या शेजारच्या गावात त्यानंतर कुणी भांडले नाही; फक्त त्यांच्या दारात काथिनचे पाकीटही पुन्हा कधी आले नाही.

याच्याशी जोडलेली एक दुसरी तक्रारही ऐकू येते, 'पूर्वीसारखे राहिले नाही' ही. दहा वर्षांपूर्वी आलेल्या माणसाचे 'पूर्वी' दहा वर्षांचे असते. बँकॉकमधील महाकाय झोक्याचा ब्राह्मणी उत्सव 1935 मध्ये बंद झाला, तेव्हा कुणी पर्यटक आडवा आला नव्हता. राजाचा नांगरणी समारंभ मधली काही दशके बंद पडून 1960 साली पुन्हा सुरू झाला. लोएई प्रांतातील दान साई गावच्या 'फी ता खोन' या मुखवट्यांच्या सणाची तारीख आजही तेथील देवऋषी ठरवतात, आणि ती उशिरा कळते म्हणून प्रवासी कंपन्या कुरकुरतात. चिकट भात वाफवण्याच्या बांबूच्या टोपलीचे आणि नारळीच्या पोगीचे ते मुखवटे आता अधिक भडक रंगवले जातात. तारीख मात्र कंपन्यांच्या सोयीने अजून ठरत नाही.

सणाच्या दिवशी दारू मिळते का?

माखा, विसाखा, असान्हा, फान्साचा आरंभ आणि शेवट या पाच दिवशी विक्रीवर बंदी असते. 2025 मध्ये विमानतळ, हॉटेले अशा काही ठिकाणांना सूट मिळाली. गावातले दुकान या सवलतीत येत नाही.

व्हिसाची आणि बँकेची कामे सोंगक्रानमध्ये होतात का?

होत नाहीत. दर नव्वद दिवसांनी द्यायची राहण्याची माहिती किंवा मुदतवाढीची तारीख 10 ते 17 एप्रिलच्या आसपास येत असेल, तर मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच काम उरकावे. चियांग माईमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतातील आणि जंगलातील आगींचा धूर असतो आणि पुष्कळ परदेशी कुटुंबे त्या काळात समुद्रकाठी निघून जातात. तसे जायचे असल्यास फाया वानच्या आधी परत यावे, असा आमचा आग्रह आहे.

आम्ही कायमचे भारतात परत जात आहोत. शेजाऱ्यांचा निरोप कसा घ्यावा?

आपण काही ठरवण्याआधीच त्यांनी 'माद म्यू' ठरवलेले असेल. चटईवर सगळे बसतात, मध्ये केळीच्या पानांची सजवलेली उतरंड असते, आणि प्रत्येक जण पांढऱ्या सुताचा एक तुकडा तुमच्या मनगटाला बांधून काहीतरी पुटपुटतो. भटकणारा प्राण अंगात परत बोलावून बांधून ठेवायचा, म्हणजे प्रवासात तो मागे राहत नाही. सुते निदान तीन दिवस ठेवावीत आणि नंतर कात्रीने न कापता गाठ सोडून काढावीत. गेल्या वर्षी पुण्याला परतलेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या मनगटावर सत्तावीस सुते होती. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत त्यांना बाही वर करायला सांगितले, तेव्हा तपासणाऱ्या मुलीने ती मोजली, हात जोडले आणि यंत्राकडे न पाहताच त्यांना पुढे जाऊ दिले.